आयफेल टॉवर राहिला, पण...

मुलांनो, पॅरिस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे आयफेल टॉवर उभा राहतो ना? गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मीही तो बघायलाच भाच्याकडे गेले होते. तो तिथे शिकतो. पण शनिवारी सकाळी तो म्हणाला, "मावशी, टॉवर कुठे पळून जात नाही. आज माझी ड्यूटी आहे, ती बघायला चल!"

आम्ही मेट्रोच्या ९ नंबरच्या गाडीत बसलो. पॅरिसला पूर्वेकडून अगदी चिकटून मॉन्त्रय नावाचं गाव आहे. या गाडीचं शेवटचं स्टेशन तिथलंच. सभागृहापाशी पोहोचतो तो काय! निळ्या केसांचे टोप घातलेल्या मुली, कमरेला पुठ्ठ्याच्या तलवारी लटकवलेली मुलं, सगळी शिस्तीत रांगेत उभी! मला वाटलं, शाळेचं गॅदरिंगच आहे. पण ते होतं 'ॲनिमे'च्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या चाहत्यांचं संमेलन.

फ्रान्समध्ये हे वेड जुनं आहे. १९७८ साली तिथल्या टीव्हीवर 'गोल्दोराक' ही अवाढव्य यंत्रमानवाची जपानी मालिका लागली आणि मुलं तिच्यामागे वेडी झाली. आपल्याकडे दूरदर्शनवर लागायचा तो 'मोगली'सुद्धा जपानमध्येच तयार झाला होता, बरं का!

भाच्याची ड्यूटी होती कराओकेच्या खोलीत. जपानी भाषेत 'कारा' म्हणजे रिकामा, आणि 'ओके' हा 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाचा तुकडा. वाद्यं वाजतात, गायकाची जागा रिकामी. ती आपण भरायची! १९७१ साली कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए या वादकाने असं यंत्र बनवलं होतं. भाच्याजवळ मात्र साधा लॅपटॉप होता. त्यात 'कराओके मुगेन' हे फ्रान्समध्येच तयार झालेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. खोलीतली मुलं आपापल्या मोबाईलवरून गाणं निवडत होती. पण दांडगाई नाही! प्रत्येकाला ठरावीकच गाणी. "नाहीतर मोठ्या आवाजाची चार मुलंच दिवसभर गातील," भाचा म्हणाला.

पडद्यावर जपानी शब्द रोमन लिपीत येत, आणि एकेक अक्षर रंगत जाई. ते कोण रंगवतं? माणूसच! गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचं आणि कुठलं अक्षर नेमकं कधी सुरू होतं ते नोंदवायचं. शीर्षकगीत दीड मिनिटाचं, पण भाच्याची अख्खी संध्याकाळ त्यात जाते. एका गाण्यात एक ओळ जराशी उशिरा रंगली, तर सगळी खोली अडखळली. भाच्याने जीभ चावली आणि ती ओळ वहीत टिपून घेतली.

आता एक गोष्ट सांगते. हा भाचा लहानपणी बोलताना अडखळायचा. बारा वर्षांपूर्वी, दुसरीत, तो माझ्याच वर्गात होता. भीड चेपावी म्हणून मी त्याला एकट्याला कविता म्हणायला उभं करायची. मुलं हसायची. तो खाली बघत राहायचा.

त्या दिवशी पुढचं गाणं सांगायला त्याने माईक हातात घेतला आणि एका शब्दावर अडला. माझ्या पोटात गोळाच आला. पण कुणी हसलं नाही. सगळे थांबले. शब्द आला, गाणं सुरू झालं, आणि शंभरेक गळ्यांत त्याचाही गळा मोकळा! बोलताना अडखळणारी पुष्कळ माणसं गाताना अडखळत नाहीत. सगळ्यांबरोबर एका सुरात बोलतानाही अडखळणं कमी होतं. मला हे डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

परतताना गाडीत मी म्हटलं, "तेव्हा मी चुकले रे."

तो हसला. "अगं, एकट्याने म्हणायलाही आवडतं. फक्त आधी सगळ्यांबरोबर म्हणू द्यायचं."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आमच्याकडे पडदा नाही, लॅपटॉप नाही. कविता फळ्यावर लिहितो, एक जण ओळीखालून पट्टी सरकवतो, आणि सगळे मिळून म्हणतो. मग ज्याला वाटेल त्याने एकट्याने म्हणायचं. परवा मागच्या बाकावरची एक मुलगी आपणहून उभी राहिली. तिचं नाव मी पुकारलं नव्हतं.

आणि आयफेल टॉवर? तो राहिलाच की! तुम्ही गेलात तर माझ्या वाटचा बघून या.