मुदत आहे, क्रमांक नाही

माझ्या लिहिण्याच्या मेजाच्या खणात दोन वस्तू शेजारी शेजारी पडून आहेत. एक, नगरपालिकेने माझ्या वडिलांच्या सायकलीला दिलेला पितळी बिल्ला, ज्याच्यावरचे आकडे आता बोटाने चाचपूनच वाचावे लागतात. आणि दुसरी, घामाने व चहाच्या डागांनी मऊ पडलेली जाड कागदाची एक घडी, जिच्यावर नाक्यानाक्यांचे शिक्के, त्यापुढे तासमिनिटे आणि शेवटी माझी दस्तुरखुद्द सही आहे. बिल्ला सांगतो, की सायकल रस्त्यावर आणण्याचा कर रीतसर भरला आहे. घडी सांगते, की तिच्या धन्याने दोनशे किलोमीटरचे अंतर, ठरलेल्या नाक्यांवर हजेरी लावून, ठरलेल्या मुदतीत पार केले आहे. मात्र धनी कितवा आला, हे ती सांगत नाही; आणि तेवढ्याच एका मौनासाठी मी तिला जपून ठेवले आहे.

आपल्याकडे मूल शाळेच्या मैदानावर एकदा धावले, की घरी परतल्यावर त्याच्या गुडघ्याचे खरचटणे पाहण्याआधी ‘कितवा नंबर?’ हा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर माझ्यापाशी कधीच नव्हते. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर, गुडघ्यांनी चालण्याविषयी कुरकुर सुरू केली म्हणून पुन्हा सायकल हाती घेतली, तेव्हा शर्यतीचे नाव काढणाऱ्यांपासून मी चार हात दूरच राहिलो. पण एकट्याने मारलेल्या फेऱ्यांत एक उणीव होती. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, आणि त्या काळी सायकल हे मुख्यतः गप्पांचे वाहन होते. दोन मित्र शेजारी शेजारी पायडल मारीत टिळक रस्त्याने निघाले, की विषय संपेपर्यंत घर येत नसे. मला सायकल हवी होती ती अशा सोबतीसाठी. ती सोबत मला शेवटी जिथे लाभली त्या प्रकाराचे नाव मोठे परके आहे: ‘ब्रेव्हे’. स्वार मंडळी त्याला नुसतेच ‘बीआरएम’ म्हणतात, आणि ‘या महिन्यात दोनशेची केली’ असे, देवदर्शन करून आल्यासारख्या शांत स्वरात, एकमेकांना सांगतात.

या प्रकाराची कायदेकलमे १९०४ साली स्थापन झालेल्या ‘ओदाक्स क्लब पारिझियाँ’ या फ्रेंच मंडळाची आहेत, आणि ती वाचताना एखाद्या समंजस संस्थानिकाचे फर्मान वाचीत असल्याचा भास होतो. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. एका मोसमात हे चारही टप्पे पुरे करणारा ‘एसआर’ म्हणवतो. काळोखासाठी पुढे-मागे दिवे व चमकणारे जाकीट हवे. वाटेत पाठीराख्यांची मोटार चालत नाही. चाक निखळले तर ते आपण बसवावे, अथवा सहस्वारांनी हात लावावा. नाक्यावर माणूस नसेल तेव्हा तिथल्या दुकानाची किंवा एटीएमची पावती पुरावा म्हणून चालते, आणि मग अंतिम ठिकाणी आपल्या खात्यातील तुटपुंजी शिल्लक चारचौघांपुढे मांडण्याचा प्रसंगही गुदरतो. विशेष हे, की नाका बंद होण्याची जशी वेळ असते तशी उघडण्याचीही असते. दोनशेचे अंतर पाच तास त्रेपन्न मिनिटांच्या आत संपवणाऱ्याला नाका उघडेपर्यंत दाराशी तिष्ठत बसावे लागते. उशीर हा जसा दोष, तशी अतिरिक्त घाईही या दरबारात मंजूर नाही. निकालात क्रमवारी नाही, बक्षीस नाही. पदक आहे, पण ते हवे असल्यास ज्याचे त्याने पैसे भरून घ्यावयाचे! मानचिन्हांच्या हव्यासाची इतकी सौम्य थट्टा मी दुसऱ्या कोणत्याही नियमावलीत पाहिलेली नाही.

या प्रकाराच्या मुळाशी एक शर्यतच होती, हे कळले तेव्हा मला त्याची गोडी अधिकच वाटली. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्ट बंदराला जाऊन परत पॅरिसला येण्याची, सुमारे बाराशे किलोमीटरांची शर्यत एका वर्तमानपत्राने भरवली, आणि शार्ल तेराँ नावाच्या स्वाराने तीन अहोरात्रींच्या आत ती जिंकली. पुढे साधारण दर दहा वर्षांनी ती होत राहिली. १९३१ साली धंदेवाईक स्वारांच्या बरोबरीने, केवळ मुदतीत पोहोचण्यासाठी निघालेल्या हौशी लोकांनाही तिच्या वाटेवर जागा मिळाली. कालाची गंमत पाहा: जिंकण्यासाठी धावणाऱ्यांची शर्यत १९५१ नंतर पुन्हा भरली नाही, आणि पोहोचण्यासाठी निघालेल्यांचा तो प्रवास आजही दर चार वर्षांनी होतो. नव्वद तासांच्या मुदतीच्या या वाटेवर २०२३ साली सहा हजारांहून अधिक स्वार निघाले होते. ब्रिटनी प्रांतातले गावकरी रात्री-अपरात्री घरासमोर मेज मांडून त्यांना कॉफी पाजतात, हे तिथून परतलेल्यांच्या तोंडून ऐकताना मला आपल्याकडील वारीच्या वाटेवरच्या पाणपोया आठवतात. आणि नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकलवारी ठाऊक असलेल्या माणसाला, वाटेत कोणी कोणाला मागे टाकले हा हिशेब गैरलागू असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी, पहाटे सहाला, आम्ही पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघालो. आम्ही म्हणजे तिघे. पहिले, महसूल खात्यातून तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना तालुक्याच्या रिवाजाप्रमाणे सगळे अजूनही ‘रावसाहेब’ म्हणतात. दुसरी, चिंचवडला राहणारी, संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारी एक मुलगी, जी आमच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आणि ताशी दहा किलोमीटरने वेगवान होती. आणि तिसरा मी. रावसाहेबांनी हातात पडलेले ब्रेव्हे-कार्ड प्रथम उजेडाकडे धरून तपासले, रकाने मोजले आणि समाधानाने म्हणाले, “सातबाऱ्यापेक्षा सुटसुटीत आहे. फेरफाराला जागा ठेवलेली नाही.”

कात्रजचा जुना घाट काळोखातच चढून गेलो. शिरवळपाशी नीरा ओलांडताना, पुणे जिल्ह्याची हद्द मागे टाकीत असल्याची नोंद रावसाहेबांनी मोठ्याने केली. पुढे खंबाटकी लागला. घाटाची एक रीत असते. तो प्रथम माणसाचे वाक्य आखूड करतो, मग शब्द तोडतो, आणि अखेर ज्याला त्याला आपापल्या श्वासाच्या स्वाधीन करतो. ती मुलगी सहज पुढे निघून गेली असती. परंतु दर वळणावर ती कठड्याशी पाय टेकून उभी राही आणि आम्ही दिसलो, की काहीच न बोलता पुन्हा निघे. माथ्यावर मी तिला म्हटले, “अगं, तू जा पुढं. आमच्यापायी कशाला रखडतेस?” ती म्हणाली, “काका, पुढे जाऊन बोलू कोणाशी?”

कृष्णेच्या पुलापलीकडे, मध्यंतरीच्या नाक्यावर शिक्का घेऊन आणि मिसळ खाऊन आम्ही वेळेत परत फिरलो, तेव्हा दिवस आपला आहे असे वाटू लागले होते. परतीला घाटाऐवजी बोगदा होता. बोगद्यातून बाहेर पडून उताराला लागल्यावर काही वेळाने माझ्या मागच्या चाकाची हवा गेली.

ट्यूब बदलली, हवा भरली, शंभर पावलांवर पुन्हा चाक बसले. रस्त्याकडेला फाटून पडलेल्या ट्रकच्या टायरांतून पोलादाची केसाएवढी बारीक तार सुटते, आणि ती रबरात अशी रुतून बसते, की बाहेरून दिसतही नाही. रावसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, टायर उलटा करून मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या पेराने त्याच्या आतला पृष्ठभाग, एखादा जुना दस्त ओळीओळीने वाचावा तसा, इंचाइंचाने चाचपीत गेले. मध्येच त्यांचा अंगठा थांबला. “सापडला गुन्हेगार,” ते म्हणाले. त्यांच्या पेरावर रक्ताचा एक बारीक थेंब होता. मुलीने नखांनी तार ओढून काढली आणि आपल्या पिशवीतली स्वतःची राखीव ट्यूब, मी नको म्हणत असताना, माझ्या चाकात घातली. या खटाटोपात पाऊण तास गेला. मी दोनदा म्हणालो, “तुम्ही निघा, मुदत टळेल.” रावसाहेबांनी पंपावरून मान न उचलता उत्तर दिले, “मुदत तिघांची आहे.”

त्या पाऊण तासाचा विचार मी पुढे कात्रजपर्यंत करीत होतो. ही शर्यत असती, तर मला सोडून जाणे हा त्यांचा धर्मच ठरला असता, आणि मीही त्यांना दोष देऊ शकलो नसतो. क्रमांक आला, की शेजाऱ्याचे अडखळणे हा आपला लाभ होतो. उलट ही नुसती सहल असती, मुदत नसती, तर त्यांच्या थांबण्याला मोलही नसते. ज्याच्यापाशी अख्खा दिवस रिकामा आहे त्याने पाऊण तास दिला, तर त्यात त्याचे काय गेले? क्रमांक काढून घेऊन मुदत तेवढी शिल्लक ठेवणाऱ्या त्या फ्रेंच मंडळींनी मात्र, कदाचित नकळतच, अशी एक व्यवस्था लावून ठेवली आहे, की जिच्यात माणसाला थांबण्याची मोकळीक आहे आणि थांबण्याची किंमतही मोजावी लागते. सोबत ही चीज या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतच उगवत असावी.

कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या अलीकडे दिवे लावले आणि पलीकडे निघालो, तो खाली सारे पुणे उजळलेले होते. अंतिम नाक्यावर पोहोचलो तेव्हा सात वाजून अकरा मिनिटे झाली होती. साडेसातला मेज उचलले जाणार होते. मेजावरच्या स्वयंसेवकाने आमची तिन्ही कार्डे ओळीने मांडून एकच वेळ तीनदा लिहिली, शिक्के मारले आणि सह्यांसाठी पुढे केली.

रावसाहेबांनी आपल्या कार्डावर सही केली, मग उरलेली दोन्ही कार्डे ओढून, तीनही वेळा बोटाने रुजू करून पाहिल्या. “सामाईक खातं झालं हे,” ते म्हणाले. मुलीने काही न समजून माझ्याकडे पाहिले. “म्हणजे यात प्रत्येकाचा हिस्सा किती, ते काका?” तिने विचारले. रावसाहेब पेनाचे टोपण लावीत म्हणाले, “त्याची आणेवारी लावलेली नाही. लावायचीही नसते.”