सात दिवसांचं एक्सेल

तर मंडळी, रजा मंजूर झाली! डिसेंबरात पाच दिवस. रविवारी निघायचं, शनिवारी रात्री पुण्यात परत. त्यानंतरचा रविवार झोपायला आणि कपडे धुवायला राखीव, त्यावर चर्चा नाही.

घरातून मागण्या दोन. बाबांना समुद्र, आईला रायगड. आईनं झेडपीच्या शाळेत सव्वीस वर्षं चौथीला इतिहास शिकवला. म्हणजे दरवर्षी नव्या पोरांसमोर १६७४ चा राज्याभिषेक थाटात पार पाडला, आणि स्वतः गड एकदाही पाहिलेला नाही. सहल निघाली की कधी माझी परीक्षा, कधी आजीचं दुखणं. आता फेब्रुवारीत तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, नंतर आरामात फिराल. आई म्हणते, आधी गड.

ऑफिसात विचारलं तर सगळ्यांचं एकच : मालवण, तारकर्ली, येताना आंबोली. सुंदर आहे, मान्य. पण जाण्यायेण्यातच दोन दिवस गाडीत, आणि रायगड त्या वाटेवर नाही. डिलीट.

मग नकाशा उघडून बसलो आणि सावित्री नदी सापडली. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेकडे जातात, त्यांचं पाणी पार बंगालच्या उपसागरात. सावित्री मात्र पश्चिमेला उतरते आणि पोलादपूर, महाड करत हरिहरेश्वरजवळ बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. डोंगर ते समुद्र, रूट तयार! रविवारी महाबळेश्वर, सोमवारी आंबेनळी घाटानं उतरून महाड, मंगळवारी रायगड, बुधवारी हरिहरेश्वर. पावसाळ्यात मात्र मी हा प्लॅन केला नसता. जुलै २०२१ मध्ये याच घाटात दरडी कोसळल्या होत्या आणि महाड पाण्यात गेलं होतं.

गुरुवारपासून पुढे गंमत आहे. कोकणात अंतर किलोमीटरमध्ये मोजूच नये. नकाशावर पलीकडचं गाव बोटभर लांब दिसतं, पण मध्ये खाडी असते. मग एकतर आत शिरून पूल गाठा, नाहीतर गाडीसकट फेरीबोटीत चढा. आम्ही दोनदा चढणार : बागमांडला ते वेसवी, आणि दुसऱ्या दिवशी दाभोळ ते धोपावे. ही दुसरी नसती तर गुहागरला चिपळूणवरून वळसा. त्यामुळे एक्सेलमध्ये 'अंतर' हा कॉलम काढून 'तास' टाकला, आणि एका दिवसात चारपेक्षा जास्त तास गाडी चालवायची नाही असा नियम केला. गुहागर-चिपळूण-कुंभार्ली घाट-कराड-पुणे हा परतीचा शनिवार तेवढा नियमाला अपवाद. मधे हर्णैला मुक्काम, कारण तिथला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बाबांना बघायचाय. खात नाहीत हो, नुसता भाव ऐकायचाय :)

आता मंगळवार. रायगडाच्या चौदाशेहून जास्त पायऱ्या आईसाठी बादच. रोपवे आहे, काही मिनिटांत वर. पण खरी अडचण वर पोचल्यावर सुरू होते. राजसदर, होळीचा माळ, बाजारपेठ आणि तिथून पुढे जगदीश्वराचं देऊळ आणि समाधी. हे सगळं पायीच, आणि जमीन सपाट नाही. म्हणून मंगळवारच्या रकान्यात दुसरं काहीही ठेवलेलं नाही. सकाळी पहिल्या फेरीला वर, दर दहा मिनिटांनी बसायचं, ऊन चढलं तर सावलीत थांबायचं. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, तिथे सोमवारी संध्याकाळीच जाऊन यायचं, म्हणजे मंगळवारी घाई नाही.

तरी समाधीपर्यंत तिला जमेल का, हे मला खरंच सांगता येत नाही. काल म्हटलं, "आई, वर डोलीची सोय होते का बघू का?" तिनं चष्मा काढला. वर्गात गडबड करणाऱ्या पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"महाराजांच्या गडावर मी पालखीतून मिरवू? काठी घे एक, चांगली बघून."

काठी घेतलीय.