डावीकडचं शून्य

स्वभावानं ते अबोल. बेरजेत त्याची दखल नाही, रकमेत त्याला किंमत नाही. शाळेतही आपण ते पुसायलाच शिकलो. पण चाकण परिसरातल्या कंपन्यांच्या जुन्या पाट्या वाचत जा. ०२१३५ या टेलिफोन कोडाच्या तोंडाशी तेच उभं आहे. पार्ट नंबर, व्हेंडर कोड, लॉट नंबर, म्हणजे जिथे आकडे मोजण्यासाठी नसून ओळखण्यासाठी असतात, तिथे ते मानानं राहतं. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये व्हेंडर कोडाला दहा घरं असतात; आकडे कमी पडले की उरलेली घरं हेच भरून काढतं.

त्याच्यावर प्रसंग येतो तो भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये, डिस्पॅचच्या टेबलावर. ग्राहक कंपनीच्या पोर्टलवरून शेड्यूलची सीएसव्ही फाइल डाउनलोड होते. नोटपॅडमध्ये उघडली तर दोन स्वल्पविरामांच्या मध्ये ००४७१५२८ जसंच्या तसं दिसतं. तीच फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की उरतं ४७१५२८. जुन्या एक्सेलमध्ये लाल अक्षर नाही, इशारा नाही. खूण एकच: मजकूर सेलच्या डाव्या कडेला बसतो, संख्या उजव्या. पार्ट नंबर उजवीकडे सरकलेला दिसला की समजावं, एक्सेलनं नावाला रक्कम मानलंय. तशीच सेव्ह केली तर मूळ फाइलमधूनही शून्य जातं, कारण सीएसव्हीत नुसती अक्षरं असतात, फॉरमॅट साठवायला जागाच नसते.

मग पार्ट मास्टरशी व्हीलुकअप जुळत नाही, लेबलवर चुकीचा नंबर छापला जातो, आणि माल पूर्ण ओके असूनही गाडी गेटवर अडते. जिथे काही मायक्रॉनसाठी पीस रिजेक्ट होतो, तिथे आख्खा अंक गळाल्याचं कुणाला कळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

याच्या शेजाऱ्यांचेही हाल होतात. भारतीय तारीख-पद्धत लावलेल्या कॉम्प्युटरवर फिटिंगची ३/८ साइज ३ ऑगस्ट होते, १/४ ची १ एप्रिल. घाबरून कॉलम टेक्स्ट केला तर २०२४ सालात उघडलेल्या फाइलमध्ये १/४ च्या जागी ४५३८३ उमटतं. एक्सेल तारखेच्या जागी दिवसाचा क्रमांक साठवतं ना! पगाराच्या शीटमध्ये पीएफचा बारा आकडी यूएएन आखडून 'ई+११' होतो, तो निदान परत उलगडता येतो. सोळा आकडी बँक खात्याचं तसं नाही. एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं, सोळाव्याच्या जागी शून्य येऊन बसतं. आणि ते शून्य खोटं असतं.

शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. 'मार्च१', 'सेप्ट१' अशा जनुकांच्या तारखा होऊ लागल्या, म्हणून नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० मध्ये ती नावंच बदलली. मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये हे आपोआप होणारे बदल बंद करायची सोय दिली. ऑप्शन्समधल्या डेटा विभागात ती आहे. पण जनुकांच्या नावांसारखा आपल्याला पार्ट नंबर बदलता येत नाही. तो ड्रॉइंगवर असतो, डायवर कोरलेला असतो.

शून्याला सांभाळून आणायची वाट 'डेटा' टॅबमधून जाते. 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडावं, 'ट्रान्सफॉर्म डेटा'त जाऊन कॉलमचा प्रकार टेक्स्ट करावा. तिथे एक्सेल एक प्रश्न विचारतं, त्याचं उत्तर 'रिप्लेस करंट' हेच. 'ॲड न्यू स्टेप' म्हटलं तर उशीर झालेला असतो: आधीच्या पायरीत शून्य गळून गेलेलं असतं.

पण हे सगळं ओझं डिस्पॅचच्या पोरानं का वाहावं? पोर्टल चालवणाऱ्या कंपन्यांनी सीएसव्हीबरोबर टेक्स्ट कॉलम असलेली एक्सेल फाइलही द्यावी. त्यांच्याकडे त्यासाठी माणसं आहेत. भोसरीत बऱ्याच ठिकाणी जो लेबल छापतो, तोच चलन बनवतो आणि तोच गाडी भरून घेतो.