कुकटपल्लीतले सात आठवडे

पुण्याहून निघणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सोलापूर, उमरगा, जहीराबाद, संगारेड्डी करत हैदराबादला पोचतो. शहरात शिरताना मियापूर मागे पडलं की कुकटपल्ली लागते. तिथली माणसं या रस्त्याला अजूनही मुंबई हायवे म्हणतात. माझं माहेर सोलापूरचं, म्हणजे माझ्या माहेराच्या आणि कुकटपल्लीच्या दारातून जाणारा रस्ता एकच. पण तिथे मी पहिल्यांदा मुक्कामाला गेले ती वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, न्यू जर्सीहून विमानाने.

२०२३ च्या जून-जुलैत आम्ही तिथे सात आठवडे राहिलो. दोन मुलींना घरी आणायला गेलो होतो. सख्ख्या बहिणी, थोरली दहा वर्षांची आणि धाकटी सात. त्यांची नावं इथे लिहीत नाही. बाल न्याय कायद्यालाही ते मंजूर नाही आणि थोरलीलाही नाही. हा लेख मी आधी तिला वाचून दाखवला. दोन परिच्छेद तिने काढायला लावले, ते काढले.

"बाळ का नाही घेतलंत? एवढी मोठी मुलं कशी रुळणार?" हे आम्हाला मंडळातही विचारून झालं आहे. खरं उत्तर फारसं उदात्त नाही. आम्हाला उशीर झाला होता. दत्तकाचं काम पाहणाऱ्या 'कारा' या केंद्रीय संस्थेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त चालत नाही. आमची नोंदणीच्या वेळीच ८८ होती. आठ वर्षांवरच्या मुलांसाठी ही मर्यादा ११० आहे. कोष्टक बघून आधी मी रडले. मग आम्ही त्या कोष्टकातल्या खालच्या ओळी वाचायला लागलो, आणि तिथे दोन बहिणी आमची वाट पाहत होत्या, असं आता म्हणायला छान वाटतं. खरं तर त्या कुणाचीच वाट पाहत नव्हत्या. चार वर्षं एका संस्थेत काढल्यावर थोरलीने ते सोडून दिलं होतं.

'कारा'चं ना-हरकत प्रमाणपत्र मिळालं की, अंतिम आदेश येईपर्यंत मुलांना भारतातच आपल्याजवळ ठेवता येतं. तसं हमीपत्र लिहून द्यावं लागतं. हॉटेलात राहायचं मन होईना. माझी चुलत बहीण लग्न होऊन हैदराबादला गेलेली, गेली वीस वर्षं केपीएचबीत राहते. केपीएचबी म्हणजे कुकटपल्ली हाउसिंग बोर्ड कॉलनी. ती म्हणाली, "हॉटेल कशाला? इथे या. पोरींना घराचा वास तरी कळेल."

कुकटपल्लीत बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. चारमिनार, गोवळकोंडा बघायला जाणारे पाहुणे इथे झोपण्यापुरते असतात. इथे फेज आहेत, पहिली, तिसरी, सहावी, आणि पत्ता फेजवरूनच सांगतात. गल्लोगल्ली मुलामुलींची हॉस्टेलं, कोर्सच्या जाहिराती, टिफिन सेंटरं. किनारपट्टीच्या आंध्रातून आलेली अनेक कुटुंबं इथे वसली आहेत, त्यामुळे सकाळी पेसरट्टु आणि संध्याकाळी पुनुगुलू. डोक्यावरून मेट्रो जाते, ती २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. आणि प्रत्येक वळणावर एक 'कर्री पॉइंट'. तिथे फक्त भाज्या, पप्पु आणि सांबार पिशव्यांत बांधून मिळतं. भात तेवढा घरी लावायचा. नोकरी करणाऱ्यांचं निम्मं कुकटपल्ली यावर जेवतं. आम्हीही जेवलो, कारण माझी आमटी मुलींनी दोन दिवस चिवडून बाजूला सारली होती.

पहिल्या रात्री दोघींनी स्वतंत्र अंथरुणं नाकारली. थोरली भिंतीकडे, धाकटी तिच्या पाठीला चिकटून. थोरली दाराकडे तोंड करून जागीच होती. पहाटे मी पाणी प्यायला उठले तर तिचे डोळे उघडे.

मला तेलुगू येत नव्हतं, आणि याची लाज वाटण्यासारखं कारण आहे. सोलापुरात पद्मशाली विणकरांची तेलुगू बोलणारी वस्ती मोठी. आमच्या शेजारी, शाळेत, चादरींच्या दुकानात ती भाषा रोज कानावर पडायची. मला त्यातले मोजून सहा शब्द येत, त्यातले दोन शिव्या. तीस वर्षं शेजारी राहूनही शिकले नाही, कारण गरज पडली नाही. आता माझ्या मुली त्याच भाषेत एकमेकींशी कुजबुजत होत्या आणि मी बाहेर उभी होते.

समोरच्या फ्लॅटमधल्या आजी मदतीला धावल्या. गुंटूरकडच्या. सगळी बिल्डिंग त्यांना अम्मम्मा म्हणते, म्हणजे आईची आई. त्या दुपारी येऊन बसायच्या, मुलींच्या केसांना तेल लावायच्या आणि हिंदी-तेलुगूची भेळ करून मला अर्थ सांगायच्या. चौथ्या दिवशी थोरलीने त्यांना हळूच काहीतरी विचारलं. अम्मम्मांचा हात वेणीवरच थांबला. मी विचारलं, काय म्हणाली? त्या म्हणाल्या, "ती विचारते, मम्मल्नि वेनक्कि पंपिस्तारा? आम्हाला परत पाठवणार का?"

मी घाईघाईने "नाही, नाही, कधीच नाही" म्हणाले. अम्मम्मांनी ते तिला सांगितलं. तिने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला पुढे दोन वर्षांनी कळला. तिला उत्तर नको होतं. असा प्रश्न विचारला तर आमचे चेहरे कसे होतात, हे तिला बघायचं होतं.

बिल्डिंगमध्ये आणखी एक प्रश्न फिरत होता. एका गृहस्थांनी लिफ्टमध्ये तो सरळ विचारला, "किती पडले?" मी संतापले. रात्री ताईने मला शांतपणे सांगितलं की हा प्रश्न इथे उगाच येत नाही. १९९९ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मोठा गाजावाजा झाला होता. लंबाडा तांड्यांवरच्या गरीब आयांकडून तान्ह्या मुली किरकोळ पैशांत घेऊन परदेशी दत्तक दिल्या जात असल्याचं उघड झालं होतं. परदेशी दत्तकावर नियम त्याआधीही होते. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच ते घालून दिले होते. पण कागदावरचे नियम तांड्यापर्यंत पोचले नव्हते. पुढे २००३ मध्ये भारताने हेग कराराला मान्यता दिली. देशातच पालक शोधायचा आधी प्रयत्न, पैशांचा व्यवहार नाही आणि मुलाचं हित सर्वांत आधी, हे त्या कराराचं सार. ताई म्हणाली, "तुला प्रत्येक कागदाचा राग येतो ना, तो कागद कुणाच्या तरी आईसाठी आहे असं समज." त्यानंतर मी कागदांवर चिडले नाही. लिफ्टमधल्या गृहस्थांना मात्र दुसऱ्या दिवशी नियमावलीतला सरकारी शुल्काचा तक्ता दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला.

सहाव्या आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयातून बोलावणं आलं. पूर्वी दत्तकाचा आदेश न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आहे. पाच वर्षं किंवा त्याहून मोठ्या मुलाची संमती लागते, हे आम्ही फॉर्मवर कितीदा तरी वाचलं होतं. मनात मी त्याला सही म्हणत होते. तो खरोखरचा प्रश्न आहे, हे त्या खोलीत कळलं.

अधिकारीबाईंनी थोरलीला जवळच्या खुर्चीवर बसवलं आणि तेलुगूत विचारलं, यांच्याबरोबर जायचं आहे का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वद्दन्टे?" एवढं तेलुगू मला तोवर येत होतं. 'नको म्हटलं तर?'

बाई म्हणाल्या, नको म्हटलंस तर नाही जायचं. कुणी रागावणार नाही.

नवऱ्याने माझा हात धरला. थोरलीने आमच्याकडे पाहिलंही नाही. तिने बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ना चेल्लि नातोने उंडालि." माझी बहीण माझ्याबरोबरच राहिली पाहिजे. बाईंनी तशी खात्री दिल्यावर तिने 'सरे' म्हटलं. बरं. आनंदाने उडी मारणं वगैरे काही नाही. दोन्ही बाजू ऐकून घेतलेल्या माणसाचं 'बरं' होतं ते. धाकटीला विचारल्यावर तिने अक्काकडे बोट दाखवलं.

त्या संध्याकाळी आम्ही सहाव्या फेजमधल्या कर्री पॉइंटवरून गोंगूरा पप्पु आणि बेंडकाया वेपुडु आणलं. थोरलीने पहिल्यांदा स्वतः पैसे मोजून दिले.

घरी, म्हणजे न्यू जर्सीत, आलो आणि आमच्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली. आम्हाला घाई होती. शाळेसाठी इंग्लिश, आजी-आजोबांसाठी मराठी. दोघी हुशार, वर्षभरात दोन्ही भाषा उचलल्या. मंडळाच्या गणपतीत धाकटीने आरती पाठ म्हटली तेव्हा तुमच्यापैकी कितीजणांनी कौतुक केलं! मला धन्य वाटलं. त्याच सुमाराला एका रविवारी ताईने व्हिडिओ कॉलवर अम्मम्मांना बोलावलं. त्या धाकटीशी बोलत राहिल्या आणि ती हसत राहिली. कॉल संपल्यावर मला म्हणाली, "आई, ती काय म्हणत होती?" सात वर्षं बोललेली भाषा पंधरा महिन्यांत गेली होती. थोरली शेजारीच होती. ती उठून खोलीत निघून गेली. बहिणीशी कुजबुजायला आता तिच्याकडे भाषाच उरली नव्हती.

त्या आठवड्यात मी पलंगाखाली झाडायला वाकले तर कोपऱ्यात तिची जुनी पाठपिशवी. दोघींचे दोन-दोन कपडे, चपला, पासपोर्टची झेरॉक्स आणि केपीएचबीतल्या दुकानातलं चेगोडीलूचं न उघडलेलं पाकीट. दत्तकानंतर दोन वर्षं समाजसेविका घरी येऊन अहवाल करते. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. प्रत्येक भेटीच्या आदल्या रात्री ही पोर पिशवी भरत होती. घ्यायला आल्या तर तयारी असावी म्हणून. मी पिशवी होती तशी ठेवली. काय बोलावं ते सुचलं नाही.

आश्विनात मंडळाचा भोंडला आला. पाटावर हत्ती काढला, सगळ्याजणी फेर धरायला लागल्या. थोरली कडेला उभी. मग मला म्हणाली, "आमच्याकडे पण असतं. हत्ती नाही, फुलं." बतुकम्मा. तेलंगणात बायका नऊ दिवस फुलांची उतरंड रचतात आणि तिच्याभोवती फेर धरून गातात. संस्थेत त्या दर वर्षी रचायच्या. तिला हवं होतं तंगेडु, म्हणजे आपला पिवळा तरवड, आणि गुनुगु, आपलं कुरडू. न्यू जर्सीत कुठून आणणार? तिने झेंडू आणि रस्त्याकडेचं गोल्डनरॉड गोळा केलं आणि पुढच्या वर्षीच्या भोंडल्याला हत्तीशेजारी बतुकम्मा बसली. धाकटीला त्या गाण्यांचे शब्द आठवले नाहीत, चाल आठवली.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं पुन्हा कुकटपल्लीला गेलो. निघण्याआधी थोरलीने तिकिटं मागितली. जाण्याची नाही, परतीची. चारही नावं तिने बोट ठेवून वाचली, तारीख वाचली, मग सामान भरायला गेली. तीच पाठपिशवी भरली, आमच्या समोर, दिवाणखान्यात बसून.

शमशाबादहून पुष्पक बसने केपीएचबीला उतरलो. अम्मम्मा थकल्या आहेत. धाकटी माझ्यामागे लपली. अम्मम्मांनी तिला काही विचारलं नाही, नुसतं समोर बसवून डोक्याला तेल लावलं. थोरलीचं तेलुगू अडखळत होतं, पण होतं.

संध्याकाळी ती एकटी कर्री पॉइंटवर पुढे झाली, मी जरा मागे थांबले. दुकानदाराला तिचे उच्चार वेगळे वाटले असावेत. त्याने पिशवी बांधता बांधता विचारलं, "ए ऊरु?" कुठलं गाव? ती क्षणभर थांबली. मला वाटलं, काय सांगेल आता, अमेरिका म्हणेल, की संस्थेचं नाव घेईल?

"केपीएचबी. सिक्स्थ फेज," ती म्हणाली आणि सुटे पैसे मोजून घेतले.

मंडळातल्या दोन कुटुंबांनी अलीकडे मोठ्या मुलांच्या दत्तकाबद्दल विचारलं. कागदपत्रांची यादी मी त्यांना दिली आहे. शिवाय एवढंच सांगितलं की मुलाची भाषा तुम्ही आधी शिकायला घ्या, मग त्याला तुमची शिकवा. आम्ही हे उशिरा सुरू केलं. सध्या रविवारी सकाळी आम्ही चौघं ऑनलाइन तेलुगूच्या वर्गाला बसतो. थोरली पुढे आहे, धाकटी भराभर तिच्या मागे येते आहे. लिपीत सगळ्यात कच्ची मी. थोरली माझ्या वह्या तपासते.