मुक्कामाला जा

चि. पोरी,



आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात रुजू झालीस आणि आश्रमशाळांची तपासणी तुझ्याकडे आली, हे कळलं तेव्हा डोळे भरून आले. ज्या वसतिगृहात पत्र्याच्या पेटीला टेकून तू पाढे पाठ केलेस, तशीच वसतिगृहं आता तू बघणार. एकच मागणं आहे. दिवसा जाऊन संध्याकाळी परतू नकोस. मुक्कामाला जा.

साध्या शाळेला पाच वाजता कुलूप लागतं. आश्रमशाळा म्हणजे लेकरांचं घर, आणि घर कसं आहे ते रात्रीच कळतं.

तुझ्याशेजारी निजणारी ती सहावीतली मुलगी आठवते ना? श्रावणातली रात्र होती. पोट दुखतंय म्हणून उठली. मी ओवा दिला. थोड्या वेळाने तिच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, आणि माझे हातपाय गळाले. तिला मण्यार साप चावला होता. मण्यार चावली तर पुष्कळदा धड दुखतही नाही, दातांची खूणही सापडत नाही. आणि ती चावते ती बहुतेक वेळा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. पोर वाचली, पण तो दीड तास माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

दाराखाली तीन बोटं फट होती. फट बुजवा, कॉट द्या, असं मी दोनदा लेखी दिलं होतं. त्या रात्रीच्या आठच दिवस आधी तपासणी झाली होती. साहेबांनी ऑफिसात बसून हजेरीपट पाहिले आणि शेरेबहीत लिहिलं, ‘इमारत सुस्थितीत’. भिंती उभ्या होत्या, रंग ताजा होता. मुली निजतात त्या खोलीत मात्र ते आलेच नाहीत.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात सगळं आहे: बारमाही टिकणारी इमारत, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, कुंपण. ते रकाने तू भरशीलच. पण न्हाणीघराला आतून कडी लागते का, ती स्वतः लावून बघ. रात्री संडासापर्यंत उजेड पोचतो का, चालत जाऊन बघ. उजेड नसला की मुली संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत, हे तुला मी काय सांगू! आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक उन्हाळ्यातच वर पाठव. मृग लागल्यावर पत्र्यावर कोणी चढत नाही.

कोणी म्हणेल, इमारतीचं एवढं काय? कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. तिला भिंती नव्हत्या, पण ती पोरं रात्री आईच्या कुशीत निजत. आपण लेकरं आईजवळून उचलून आणतो. मग दार, कडी, छप्पर यांत कसूर झालेली मला सहन होत नाही.

आपल्या जुन्या शाळेवर जाशील तेव्हा मुलींच्या खोलीचं दार आतून लावून घे आणि खाली वाकून बघ. निवृत्त होताना त्या फटीत मी गोणपाट कोंबून आले होते. अजून तेच असेल, तर शेरेबहीत तसं लिही, आणि मला कळव.

तुझी,
बाई