नळीच्या पलीकडचं काम

आमच्या भागात गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा गॅरेजपासून लांब. भोकर हे कल्याण–निर्मल महामार्गावरचं गाव. एका अंगाला नांदेड, दुसऱ्या अंगाला भैंसा आणि तेलंगणा, वरच्या बाजूला हिमायतनगर, किनवट, आदिलाबाद. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, त्याच्या आधी सोयाबीनचे हार्वेस्टर, मग जिनिंगकडे निघालेले कापसाचे टेम्पो. यातल्या कुणाचं चाक कुठं बसेल याचा नेम नसतो, आणि जिथं बसलं तिथं मिस्त्रीला जावं लागतं. म्हणून हत्यार घेताना मी ताकद नंतर विचारतो. आधी विचारतो, हे माझ्यासोबत किती लांब येईल?

हवेच्या गनचं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर नट सोडवणाऱ्या हत्याराचं, उत्तर ठरलेलं असतं: नळीएवढं.

तरीही हवेच्या गनला मी कमी लेखणार नाही. माझा हात तिच्यावरच तयार झाला. कॉम्प्रेसरच्या टाकीतून साधारण ९० पीएसआय दाबानं हवा येते, गनच्या पोटातल्या बारीक पात्यांना फिरवते, आणि त्या फिरण्यातून एक हातोडी आतल्या आत ठोके मारते. इतका साधा कारभार. पात्या झिजल्या की बदलायच्या, रोज दोन थेंब तेल सोडायचं, बस. पाण्यात पडली, चिखलात पडली, धुऊन पुसून पुन्हा चालू. कॉम्प्रेसरही आपल्याकडचेच: पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ सालची, कोइमतूरची एल्जी १९६० ची. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्वच्या पट्ट्या नांदेडला सहज मिळतात, आणि नाही मिळालं तर लेथवाला बनवून देतो. बिघाड झाला तर तो आपल्याच गावात दुरुस्त होतो, ही हवेच्या हत्याराची फार मोठी जमेची बाजू आहे.

गन हवेची असो की बॅटरीची, नट सोडवते ती ठोक्यानं, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. नव्या पोरांना वाटतं, गन म्हणजे जोरात फिरणारा पाना. तसं नसतं. जमिनीत रुतलेला खुंटा आपण थेट उपटायला जात नाही. आधी चार बाजूंनी ठोकतो, तो हलला की मग ओढतो. गंजलेल्या नटाचं तेच. ट्रकच्या चाकाचा नट साधारण ६०० न्यूटन-मीटरला कसलेला असतो. म्हणजे साठ किलोचा माणूस एक मीटर पाइपाच्या टोकावर सगळं वजन टाकून लटकला, तर जवळपास तेवढा जोर होतो. त्यात गंज बसला की पाइपवर दोघं उभे राहतात, पाइप वाकतो, नटावर बसवलेली गोटी (सॉकेट) सटकते आणि माणूस खाली येतो. जुन्या मिस्त्र्यांच्या नडग्यांवर त्याच्या खुणा असतात. गनच्या आत हातोडी थोडी मोकळी फिरते, वेग घेते आणि गोटीच्या दांड्यावर आदळते. सेकंदात कितीतरी वेळा. प्रत्येक ठोका क्षणभराचा असल्यामुळे गंजाची पकड तुटते, पण मनगटाला उलटा झटका फारसा बसत नाही. खांदा वाचतो. या एका गोष्टीसाठी मी प्रत्येक गॅरेजात गन असावी असं म्हणतो, मग ती कोणतीही असो.

खरा फरक पडतो तो ठोक्याच्या मागे ताकद कुठून येते तिथं. हवा दाबताना ती तापते, आणि ती उष्णता कॉम्प्रेसरच्या डोक्यावरून, टाकीवरून उडून जाते. मग नळीचे जोड गळतात, लांब नळीत दाब पडतो. विजेचे शंभर भाग घातले तर हत्याराच्या टोकाला कामाचे दहा-पंधराच उरतात. पावसाळ्यात हवेतली ओल टाकीत पाणी होऊन बसते. संध्याकाळी खालचा कॉक उघडून ते सोडलं नाही तर टाकी आतून गंजते आणि तेच पाणी गनमध्ये जातं. उन्हाळ्यात गनमधून सुटणारी गार हवा हाताला बरी वाटते, पण ती गार का आहे याचा विचार केला की मघाशी टाकीवर गमावलेली उष्णता आठवते.

आणि वीज. २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी मराठवाड्याच्या गावांत धंदा केला त्यांना भारनियमन वेगळं सांगायला नको. बारा-बारा तास लाइट नसायची. गिऱ्हाईक दारात, चाक जॅकवर, आणि कॉम्प्रेसर मुका. आता तशी परिस्थिती नाही. पण वळवाच्या वाऱ्यात तार तुटते, डीपी जळतो, तीन फेजमधला एक जातो आणि मोटर नुसती घुमत राहते. टाकीत भरून ठेवलेली हवा किती पुरते याचा हिशेब सोपा आहे. दोनशे लिटरची टाकी, दहा बारपासून सहा बारपर्यंत उतरली तर मोकळी हवा मिळते आठशे लिटर. अर्ध्या इंची गन दाबून धरली की मिनिटाला पाच-सहाशे लिटर हवा पिते. एका नटाला पाच सेकंद धरा. पंधरा-सोळा नट झाले की गनचा आवाज बसतो. ट्रकच्या एका चाकालाच दहा नट असतात.

म्हणून मी बॅटरीकडे वळलो, आणि आता गॅरेजातलं नट-बोल्टचं जवळपास सगळं काम तिच्यावरच करतो. लिथियम-आयन बॅटरी सोनीनं बाजारात आणली १९९१ साली. हत्यारांमध्ये ती आली २००५ च्या सुमारास. आधीच्या निकेलच्या बॅटऱ्या जड, आणि त्यांचा जोर काम करता करता ओसरत जायचा. लिथियममुळे हातात मावेल एवढ्या डब्यात खरा जोर बसला. त्यावर ब्रशलेस मोटर आली: कार्बन घासत नाही, ठिणगी नाही, मोटर तापते कमी. चांगल्या कंपनीच्या अर्ध्या इंची गनवर आता १००० न्यूटन-मीटरचा आकडा दिसतो. घरगुती कारच्या चाकाला लागतात शंभरच्या आसपास. थोडक्यात, कार, जीप, पिकअप, ट्रॅक्टरचं बहुतेक काम यात बसतं.

आकड्यांबद्दल मात्र सावध केलं पाहिजे, कारण माझ्याकडे येणारी पोरं डब्यावरचा आकडा वाचून हत्यार घेतात. बॅटरीत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एक सेल ३.६ व्होल्टचा; पाचांचे १८. पूर्ण चार्ज झाल्यावर तेच पाच सेल २० ते २१ दाखवतात. म्हणजे १८, २० आणि २१ लिहिलेल्या तिन्ही गन व्होल्टेजच्या बाबतीत एकच आहेत. बाजारात स्वस्त गनवर ४८, ८८ असले आकडे छापलेले असतात. उघडून पाहिलं तर आत तेच पाच सेल. जोराचेही दोन आकडे असतात, एक सोडवण्याचा आणि एक कसण्याचा, आणि डब्यावर मोठा छापतात तो सोडवण्याचा. शिवाय सेलची एकच ओळ असलेली छोटी बॅटरी लावली तर तीच गन ढिली वाटते. दोन ओळींची लावली की ठोका भरतो. ५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या आणि एक जलद चार्जर घ्या. गन थोडी साधी असली तरी चालेल, बॅटरीत काटकसर करू नका.

हे सगळं कागदावर ठीक. हत्याराची किंमत मला कळली ती रस्त्यावर. जानेवारीतली रात्र, नांदेड रस्त्यावर बारडच्या अलीकडे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, ऊस भाऊराव चव्हाण कारखान्याकडे निघालेला. मागच्या ट्रॉलीचं चाक बसलेलं. अर्धी ट्रॉली डांबरावर, अर्धी खाली, मागे रिफ्लेक्टर नाही. ड्रायव्हर विशी-बाविशीचा.

“मिस्त्री, ऊस उतरवावा लागंल का?”

“नाही लागत. आधी मागं जा, त्या वळणापाशी टॉर्च दाखवत उभा राहा. अन् चाकाला दगड लाव.”

काळ्या रानात जॅक थेट मातीवर लावला तर चाक उचलण्याऐवजी जॅकच खाली जातो. जाड फळी टाकली, तिच्यावर जॅक, बाजूला लाकडाचा ओंडका, म्हणजे जॅक दगा देईल तर ट्रॉली त्याच्यावर थांबेल. नट गंजलेले, वर उसाचा चिकटा आणि धूळ. गनचे दोन-दोन दमाचे ठोके आणि एकेक नट मोकळा. पूर्वी याच कामाला पाइप, हातोडी, रॉकेल आणि आणखी एक माणूस घेऊन जावं लागे, आणि नुसते नट मोकळे होईपर्यंत अर्धा तास सहज जाई. त्या अर्ध्या तासात त्या अंधाऱ्या ट्रॉलीमागून किती गाड्या येतात, हे या रस्त्यानं जाणाऱ्याला माहीत आहे. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकून माणसं जातात, दरवर्षी जातात. कापलेला ऊस वाळला की वजन घटतं, म्हणून शेतकऱ्याला घाई असतेच. पण मला घाई होती ती त्या पोराला आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रस्त्यावरून सुखरूप काढण्याची. बॅटरीच्या गननं वाचवलेली मिनिटं मी तिथं मोजतो, गॅरेजात नाही.

पंजाबातून हार्वेस्टर घेऊन येणारे लोक हे आमच्याही आधी शिकले असावेत. त्यांचं गॅरेज म्हणजे शेताचा बांध. पात्याचा बोल्ट तुटला तर ट्रॉलीतून गन काढून जागेवर काम. त्यांच्याजवळ बसून मी बरंच पाहून घेतलं, विशेषतः बॅटरी उन्हात न ठेवण्याची त्यांची शिस्त: ओल्या गोणपाटावर डबा, त्यावर सावली.

ती शिस्त आपल्याला फारच लागते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. लिथियमच्या बॅटरीला एवढ्या उष्णतेत चार्ज करणं सोसत नाही. शहाणा चार्जर स्वतःच थांबतो, स्वस्तातला थांबत नाही. मी उन्हाळ्यात पहाटे चार्ज करतो. गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरी ठेवू देत नाही. फुगलेली किंवा आपटून फुटलेली बॅटरी पुन्हा लावायची नाही, सेल बदलून देतो म्हणणाऱ्याकडे द्यायची नाही. आतलं सर्किट प्रत्येक सेलवर नजर ठेवतं, आणि अर्धवट जोडकामात ती नजरच जाते. इथं हवेची गन खरंच वरचढ आहे. तिच्यात जळण्यासारखं काही नाही आणि भोकरमध्ये दुरुस्त न होण्यासारखंही काही नाही.

कॉम्प्रेसर मी विकलेला नाही. टायरला हवा लागतेच, फिल्टर झाडायला लागते, रंगकामाला लागते. दहा चाकी ट्रकचं काम दिवसभर चालतं तिथं एक इंची हवेची गन अजूनही खुशाल वापरावी. महामार्गावरच्या टायरवाल्यांना मी बॅटरी घ्या असं सांगत नाही. त्यांचा ट्रक नळीपर्यंत येतो. आणि जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, हे गन हवेची असो की बॅटरीची, आधी बघूनच बटण दाबावं. नाहीतर सोडवतोय समजून माणूस कसत राहतो आणि स्टड तुटतो.

गोट्यांविषयीही तेवढंच आग्रहानं सांगतो. हातपान्याच्या चकचकीत क्रोमच्या गोट्या गनला लावू नयेत. त्या कडक असतात, ठोक्यानं फुटतात आणि तुकडा डोळ्याकडे येतो. गनच्या गोट्या काळ्या, जाड भिंतीच्या, क्रोम-मोलिब्डेनमच्या. महाग आहेत. डोळा त्याहून महाग आहे.

आणि कसणं. गन सोडवण्यासाठी घ्यावी. कसताना तिनं नट फक्त बसवावा, शेवटचा जोर टॉर्क पान्यानं हातानं द्यावा. बॅटरी भरलेली असताना आणि उतरलेली असताना तीच गन वेगळी कसते, एक्स्टेंशन लावलं की ठोका मधेच मुरतो, त्यामुळे कानावर भरवसा ठेवून कसलेल्या पाच नटांत पाच वेगवेगळे ताण निघतात. त्यातला जास्तीचा स्टड ताणतो, ड्रम वाकडा करतो. कमीचा वाटेत सैल होतो. हे काम पोरांकडून करून घेताना मी समोर उभा राहतो. एकासमोर एक असे नट, आधी हातानं आटे धरायचे, मग गनचा हलका स्पर्श, चाक खाली टेकवायचं, मग टॉर्क पाना, कट् आवाज आला की थांबायचं.

त्या रात्रीच्या ट्रॉलीलाही तसंच केलं. भरलेल्या ट्रॉलीचं नवं बसवलेलं चाक थोडं चाललं की नट बसून सैल पडतात, म्हणून निघताना ड्रायव्हरच्या हातात माझा जुना चाकपाना आणि पाइप दिला. “काट्यापाशी नंबर लागेपर्यंत बसून राहू नको. सगळे नट एकदा दाबून घे, समोरासमोरचे. रिकामी करून परत निघताना पुन्हा एकदा बघ. अन् पाना येताना गॅरेजात टाक. तिथंच मागच्या फळीला रिफ्लेक्टरची पट्टी लावून देतो, तिचे पैसे नको.”