पुसून टाकलेले ठिपके

अहो, आमच्या मागच्या बोळात आता पाऊल ठेवायला जागा नाही! पुण्यातल्या आमच्या घराच्या उत्तरेला, कुंपणाच्या भिंतीलगतचा जेमतेम चार फुटांचा तो बोळ. ऊन तिकडे फिरकत नाही. तिथे मोगरा रुसला, जास्वंद रुसली, तुळसही टिकली नाही. शेवटी मी मोडक्या बादल्या ठेवून दिल्या.

गेल्या जूनमध्ये शेजारच्या काकूंनी नेच्याचा एक गड्डा हातात ठेवला. "लाव गं, याला सावलीच लागते." पालापाचोळ्याचं खत, विटांचा चुरा, थोडं कोकोपीट, पाणी साचू द्यायचं नाही, बस्स. आठवड्याभरात मधोमध लव असलेलं एक वेटोळं वर आलं. रोज थोडं थोडं सुटायचं आणि मी चहाचा कप घेऊन तिथेच उकिडवी! घरच्यांना वाटलं, काहीतरी हरवलंय.

श्रावणात पान उलटलं, तर खाली तपकिरी ठिपक्यांच्या दोन रांगा. रोग! साबणाचं पाणी, कडुनिंबाचं तेल, एकेक पान पुसत तासभर बसले. काकू पोट धरून हसल्या. मी पुसत होते ते बीजाणूंचे पुंजके होते! नेच्याला फूल नाही, बी नाही. डायनोसोरांच्याही आधीपासून ही वनस्पती त्या धुळीसारख्या बीजाणूंवर वंश चालवतेय. बीजाणू ओलीत पडला की आधी करंगळीच्या नखापेक्षाही लहान, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा उगवतो. त्याच्यावर नरपेशी पाण्यातून चक्क पोहत जाऊन स्त्रीपेशीला गाठते, आणि मग कुठे खरा नेचा! पोहत! माझ्या बोळात!

सह्याद्रीतला हंसराज नेचा पावसाळा सरला की वाळतो, म्हणून हाही जाईल असं धरून चालले होते. पण हा नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया, बारमाही हिरवा. कुंडी बदलताना मुळांना बोराएवढे गोळे लोंबताना दिसले, दाबले तर पाणीच पाणी. स्वतःची टाकी घेऊन बसलाय पठ्ठ्या! जुनी, पिवळी पानं बुडाशी कापायची आणि एप्रिल-मेमध्ये माती सुकू द्यायची नाही, एवढंच त्याचं मागणं.

परवा बोळातल्या गळक्या नळाखालच्या विटेवर हिरवे ठिपके दिसले. भिंग आणलं. बदामच, सात-आठ! तेवढ्यात नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. त्याला चहा पाजून परत पाठवलं.